एक अपघात, बावीस कागद: पेडणे हद्दीतील नमुना प्रकरण

प्रकरण रोजचेच आहे. गोव्यात राष्ट्रीय महामार्ग ६६ वर पत्रादेवीहून म्हापशाच्या दिशेने भाजी घेऊन येणारी एमएच-०७ पासिंगची पिकअप रात्री पावणेदहाच्या सुमारास पुढच्या स्कूटरला मागून धडकते. स्कूटर चालवणारा म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात पोचेपर्यंत दगावतो. मागे बसलेल्याचा पाय मोडतो आणि १०८ रुग्णवाहिका त्याला बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) नेते. पिकअपचा चालक कुडाळकडचा आहे, तो पळालेला नाही. पोलीस स्थानकात त्या पाळीला एक उपनिरीक्षक, एक हवालदार आणि दोन कॉन्स्टेबल हजर आहेत.

हे एका ठरावीक तारखेचे किंवा ठरावीक स्थानकाचे प्रकरण नाही. असा अपघात झाला की कायद्याने आणि वहिवाटीने जे कागद करावे लागतात, ते इथे ओळीने मांडले आहेत. शोध एकाच गोष्टीचा आहे: या चार माणसांचा वेळ नेमका कुठे जातो आणि त्यातला किती वाचवता येईल.

आधी कलमे, कारण निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो. गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१), २८१ आणि १२५ खाली नोंद होतो. १०६(१) ची कमाल शिक्षा ५ वर्षे आहे आणि गुन्हा जामीनपात्र आहे. यावरून दोन गोष्टी ठरतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास आणि खटल्याची कार्यपद्धती सांगणारा कायदा) कलम १७६(३) प्रमाणे न्यायवैद्यक तज्ज्ञाला घटनास्थळी बोलावण्याची सक्ती ७ वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांपुरती आहे, ती इथे लागत नाही. तज्ज्ञांचे पथक येईपर्यंत महामार्गाची एक बाजू रोखून थांबण्याचे कारण उरत नाही. दुसरे, चालकाला अटक करून कोठडीची, वैद्यकीय तपासणीची आणि रिमांडची कागदपत्रे तयार करण्याची गरज सहसा नसते. याच संहितेच्या कलम ३५(३) ची, अटकेऐवजी पोलिसांपुढे हजर राहण्याची नोटीस पुरते. पळून जाणाऱ्या चालकासाठीचे न्याय संहितेचे कलम १०६(२) अजून अमलातच आणलेले नाही. तरीही प्राथमिक माहिती अहवालात ते कोणी सवयीने टाकले, तर पुढे दुरुस्तीचा एक कागद वाढतो.

आता कागद मोजू. घटनास्थळ आणि स्थानक मिळून नऊ: स्टेशन डायरीतील नोंद, प्राथमिक माहिती अहवाल, घटनास्थळाचा पंचनामा, नकाशा, दोन्ही वाहनांच्या जप्तीचा पंचनामा, मुद्देमाल रजिस्टर, गुन्हा रजिस्टर, अपघात रजिस्टर आणि केस डायरी. मृताबाबत चार: मरणोत्तर पंचनामा, शवचिकित्सेसाठी मागणीपत्र, कलम १९४ खालचा अहवाल आणि मृतदेह ताब्यात दिल्याची पावती. जखमीच्या दुखापतीचा दाखला मागणारे इस्पितळाला एक पत्र. चालक-मालकासाठी तीन: ३५(३) ची नोटीस, रक्तातील अल्कोहोल तपासणीचे पत्र आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ खाली मालकाला नोटीस. वाहन तपासणीसाठी मोटार वाहन निरीक्षकाला एक पत्र. न्यायव्यवस्थेकडे जाणारे दोन: पहिला अपघात अहवाल म्हणजे नमुना १, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ खाली केलेले जप्तीचे चित्रीकरण पाठवण्याचे पत्र. वरिष्ठांसाठी दोन: घटना अहवाल आणि वाहतूक विभागाचे दैनिक विवरण. एकूण २२. सीसीटीएनएस (गुन्ह्यांच्या नोंदीची) आणि ई-डार (अपघातांच्या नोंदीची) या दोन संगणक प्रणालींत भरायची माहिती यात धरलेली नाही.

या बावीस कागदांवर तीच ती माहिती फिरत असते. गुन्हा क्रमांक, कलमे, तारीख, वेळ, ठिकाण, दोन्ही वाहनांचे क्रमांक, मृताचे नाव-वय-पत्ता, जखमीचे तेच, चालकाचे तेच, मालक, तपास अधिकारी. एका कागदावर यातली सरासरी दहा नोंदी धरल्या तरी तीच माहिती दोनशेहून अधिक वेळा हाताने लिहिली किंवा टंकली जाते. आणि बहुतेक वेळा हे काम पहाटे, रात्रपाळीचा हवालदार करतो. दुसऱ्या दिवशी त्यालाच एखाद्या जत्रेच्या किंवा मंत्र्यांच्या दौऱ्याच्या बंदोबस्ताला जायचे असते.

कागद कमी करा म्हटले की पहिला हात पंचनाम्यावर पडतो. तो चुकीचा आहे. बावीसपैकी जे खरोखर बंद करता येतील असे चारच आहेत: गुन्हा रजिस्टर, अपघात रजिस्टर, घटना अहवाल आणि दैनिक विवरण. पहिल्याची माहिती सीसीटीएनएसमध्ये असते, दुसऱ्याची ई-डारमध्ये, आणि उरलेले दोन या दोन प्रणालींतून वरच्या कार्यालयाने स्वतः काढून घ्यायचे आहेत. पण उपनिरीक्षकाने आपल्या मर्जीने रजिस्टर बंद केले, तर पुढच्या वार्षिक तपासणीत त्याच्यावर शेरा येतो. त्यासाठी मुख्यालयाचे परिपत्रक लागते, आणि त्यात “अमुक रजिस्टर आजपासून ठेवू नये” इतके स्पष्ट वाक्य हवे. “शक्यतो संगणकीय नोंद वापरावी” असे लिहिले की दोन्ही चालू राहतात. संगणकीकरण झालेल्या बहुतेक खात्यांत असेच घडले आहे. जुने रजिस्टर कोणी बंद केले नाही आणि नवीन स्क्रीन वर येऊन बसली.

उरलेले अठरा कागद लागणारच. ते लिहायचे आहेत, पण पुन्हा पुन्हा लिहायचे नाहीत.

यासाठी एक मूळ माहितीपत्रक पुरते. ए-फोर आकाराचे पाठपोट एक पान, सुमारे तीस रकाने, चार भाग: घटना, वाहने, माणसे, क्रमांक. हे पान घटनास्थळीच भरायचे. उपनिरीक्षक मोजमाप घेत असताना एक कॉन्स्टेबल ते भरतो, दुसरा वाहतूक वळवतो, आणि हवालदार इस्पितळात जातो. प्रत्येक रकान्याचा उगम ठरलेला हवा. वाहन क्रमांक पाटीवरून, आणि सोबत पाटीचा फोटो. चेसिस क्रमांक वाहनावरच वाचून, नोंदणीपत्रावरून उतरवून नाही. विमा पॉलिसीचा क्रमांक आणि मुदत पॉलिसीवरून किंवा वाहन पोर्टलवरून. ठिकाण म्हणजे “अमुक हॉटेलजवळ” असे मोघम लिहायचे नाही. किलोमीटरचा दगड, विजेच्या खांबाचा क्रमांक किंवा मोरी यांपैकी दोन स्थिर बिंदूंपासूनचे अंतर आणि फोनवरचे अक्षांश-रेखांश लिहायचे. दोन बिंदू अशासाठी की या महामार्गाचे रुंदीकरण झाले आहे, उड्डाणपूल आणि सेवारस्ते झाले आहेत, खांब हलले आहेत. दोन वर्षांनी खटल्यात बचावपक्षाचा वकील “तो खांब दाखवा” म्हणतो तेव्हा एकच बिंदू असेल तर नकाशा कोलमडतो.

क्रमही ठरलेला हवा. आधी फोटो, मग टायरच्या घसरण्याच्या खुणा आणि दोन्ही वाहनांच्या थांबलेल्या जागा मोजणे, मग रस्त्याची रुंदी, उजेड, जवळचा सीसीटीव्ही, आणि त्यानंतर वाहने हलवणे. जप्तीचे चित्रीकरण वाहन ओढायला लागण्यापूर्वी सुरू करायचे. कलम १०५ ला वस्तू ताब्यात घेण्याची, यादी करण्याची आणि पंचांच्या सह्यांची प्रक्रिया चित्रित झालेली हवी आहे. क्रेनला लटकलेली पिकअप तेवढी टिपून ते भागत नाही.

नावांचा रकाना सगळ्यांत जास्त त्रास देतो, आणि गोव्यात तर विशेष. आधारवर नावाचे एक स्पेलिंग, जन्मदाखल्यावर जुन्या पोर्तुगीज वळणाचे दुसरे, वाहन परवान्यावर तिसरे. हवालदार इस्पितळात नातेवाईक सांगतील तसे लिहितो, डॉक्टर शवचिकित्सा अहवालात आपल्या कानाने ऐकले तसे लिहितात, आणि सहा महिन्यांनी विमा कंपनी विचारते की ही माणसे एकच कशावरून? मग कुटुंबाला प्रतिज्ञापत्र करावे लागते आणि तपास अधिकाऱ्याला खुलासा. उपाय सोपा आहे. माहितीपत्रकात नाव एकाच ओळखपत्रावरून घ्यायचे, त्या ओळखपत्राचे नाव शेजारी लिहायचे, आणि बांबोळीला जाणाऱ्या मागणीपत्रात तेच स्पेलिंग मोठ्या अक्षरांत छापायचे.

पान पूर्ण झाल्यावर स्थानकातल्या संगणकावर एका साध्या तक्त्यात ते एकदा टंकायचे. मागणीपत्रे, नोटिसा, पंचनाम्यांचे मथळे आणि पावत्या या सगळ्यांचे नमुने त्या तक्त्याला जोडलेले असले की नाव-क्रमांक आपोआप भरून येतात. यासाठी वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यायला नको. कार्यालयात वापरात असलेल्या कुठल्याही लेखन-प्रणालीतली मेल-मर्जची सोय पुरते. मात्र ती उभी करणारा एक कॉन्स्टेबल आणि त्याची बदली झाल्यावर ती चालवणारा दुसरा, असे दोघे तयार करावे लागतात. एकच तयार केला तर बदलीच्या आदेशासोबत व्यवस्थाही जाते.

यात धोका आहे, तो लपवून उपयोग नाही. हाताने बावीसदा लिहिताना एखाद्या कागदात अंक चुकतो. मूळ तक्त्यात चुकला तर तो सगळ्या कागदांत चुकतो, आणि सगळीकडे सारखाच चुकल्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून तक्ता बंद करण्यापूर्वी सहा क्रमांक एकाने मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने मूळ फोटोवर ताडायचे: दोन्ही वाहन क्रमांक, चेसिस, चालकाचा परवाना, पॉलिसी, आणि कुटुंबाचा मोबाइल. पाच मिनिटांचे काम आहे.

आणि एक गोष्ट नमुन्यात कधीच घालायची नाही, ती म्हणजे साक्षीदाराची जबानी. “मी सदर ठिकाणी हजर असताना भरधाव वेगाने व निष्काळजीपणे” हे वाक्य चार साक्षीदारांच्या तोंडी जसेच्या तसे आले की उलटतपासणीत चौघेही पडतात. इथे वेळ वाचवायचा मार्ग वेगळा आहे. पिकअपचा चालक मालवणी वळणाच्या मराठीत बोलतो, चहाच्या टपरीवाला कोंकणीत, आणि हवालदार लिहितो इंग्रजीत. ऐकणे, मनात भाषांतर, लिहिणे, पुन्हा त्यांच्या भाषेत वाचून दाखवणे, अशा चार फेऱ्या होतात. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८० मध्ये जबानी ध्वनि-चित्रमुद्रित करण्याची मुभा आहे. ती वापरली तर शब्दांवरून वाद होत नाही आणि लेखी सारांश आटोपशीर ठेवता येतो. शिवाय तपासातल्या जबानीवर साक्षीदाराची सही घ्यायची नसते, कलम १८१ ते स्पष्ट सांगते. तरीही फक्त सहीसाठी माणसांना पुन्हा बोलावले जाते. जखमीला इस्पितळात नेणाऱ्या वाटसरूलाही नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम १३४अ आणि त्याखालचे नियम त्याला संरक्षण देतात. तो स्वखुशीने जबानी देत असेल तर एकाच बैठकीत ती संपवायची.

रात्रीतला सगळ्यांत खर्चिक भाग कागद लिहिण्याचा नसून पोचवण्याचा आहे. पेडण्याहून बांबोळी एका बाजूला पस्तीसेक किलोमीटर. मागणीपत्र घेऊन एक कॉन्स्टेबल जातो, शवचिकित्सेची वेळ विचारून येतो, दुसऱ्या दिवशी नातेवाइकांसोबत पुन्हा जातो, अहवालासाठी तिसऱ्यांदा, दुखापतीच्या दाखल्यासाठी चौथ्यांदा. यातली मृतदेहासोबतची फेरी टाळता येत नाही, कारण ओळख पटवणारा पोलीस तिथे असावाच लागतो. बाकीच्या टाळता येतात. पोलीस स्थानक आणि न्यायवैद्यक विभाग यांच्यात एक ठरलेला शासकीय ई-मेल पत्ता आणि दोन्ही बाजूंना तो रोज उघडणारा एक नेमलेला माणूस, एवढेच लागते. पत्ता व्यक्तीच्या नावाचा नको, पदाच्या नावाचा हवा. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार इस्पितळाने शवचिकित्सा आणि दुखापतीचा अहवाल १५ दिवसांत द्यायचा आहे. मागणीपत्रातच तो नियम आणि ती तारीख छापलेली असली तर स्मरणपत्रे आपोआप कमी होतात.

सर्वांत वाईट पद्धत म्हणजे छापा, सही करा, स्कॅन करा, अपलोड करा आणि मूळ प्रत टपालाने पाठवा. यात डिजिटल आणि कागदी अशा दोन्ही व्यवस्थांचा बोजा एकाच माणसावर येतो. नागरिक सुरक्षा संहिता अंतिम अहवाल इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवू देते. आरोपीला द्यायच्या प्रतीही त्या मार्गाने दिल्या तर बजावल्या असे धरले जाते. मग न्यायालयाच्या खिडकीवर “हार्ड कॉपी आणा” हे तोंडी सांगणे थांबवण्यासाठी जिल्हा न्यायाधीश, अभियोग संचालनालय आणि पोलीस अधीक्षक यांना एकदा एकत्र बसावे लागेल. स्थानकातला हवालदार तिथे भांडू शकत नाही.

पहिली रात्र उलटली की खरी कसरत तारखांची. २०२२ च्या नियमांप्रमाणे ४८ तासांत नमुना १ मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे आणि विमा कंपनीकडे. पीडितांना त्यांचे हक्क सांगणारा नमुना २. चालक आणि मालकाकडून नमुना ३ व ४ तीस दिवसांत. पन्नास दिवसांत अंतरिम अहवाल. साठ दिवसांत पीडितांच्या माहितीचा नमुना ६. नव्वद दिवसांत सविस्तर अपघात अहवाल, आणि त्यासोबत नकाशा, यांत्रिक तपासणी व कागदपत्र पडताळणीचे नमुने. दुसरीकडे संहितेच्या कलम १९३ नुसार फिर्यादीला किंवा पीडिताला तपासाची प्रगतीही नव्वद दिवसांत कळवायची असते. दोन कायदे, दोन फायली, पण मुदत एकच. सविस्तर अहवालाची प्रत कुटुंबाला देतानाच प्रगतीचे पत्र जोडले तर एक फेरी वाचते. बहुतेक ठिकाणी ही दोन कामे दोन वेगळी माणसे करतात, आणि दोघेही त्याच घरी जातात.

या तारखा पाळण्यामागे नुसती शिस्त नाही. सविस्तर अहवाल न्यायाधिकरणात पोचला की मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(४) खाली तोच भरपाईचा अर्ज मानला जातो. कुटुंबाने स्वतः अर्ज करायचा तर मुदत सहा महिन्यांची. म्हणजे हवालदाराची फाईल अडकली, तर मृताच्या बायकोला वकील शोधत म्हापसा-पणजी करावे लागते. २०२२ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने गोहर मोहम्मद प्रकरणात या नियमांची काटेकोर अंमलबजावणी करण्याचे निर्देश दिले, तेही याचसाठी.

व्यवहारात सगळ्यांत उशिरा येतो तो नमुना ३ आणि ४. चालक गावी गेलेला असतो, मालक फोन उचलत नाही. म्हणून हे दोन्ही नमुने पहिल्या रात्रीच, ३५(३) ची नोटीस बजावताना चालकाच्या हातात द्यायचे आणि शक्य तेवढे तिथेच भरून घ्यायचे. स्कूटर भाड्याची असेल, काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची, तर मालक किनारपट्टीवरचा व्यावसायिक आणि मृत परराज्यातला पर्यटक असा मामला असतो. मग नमुना ६ साठी कुटुंब गाठायचे तर मृतदेह ताब्यात देण्याच्या दिवशीच. तेव्हा त्यांच्याशी कागदाची भाषा बोलणे जड जाते. पण बँक खात्याचा तपशील, वारसांची यादी आणि एक चालू फोन क्रमांक त्या दिवशी घेतला नाही, तर साठ दिवसांत तो मिळणे कठीण.

या सगळ्यासाठी केस फाईलच्या आतल्या पुठ्ठ्यावर सहा तारखा लाल शाईने लिहिलेल्या असाव्यात: २, १५, ३०, ५०, ६०, ९०. तपास अधिकारी बदलला तरी पुठ्ठा बदलत नाही. प्रणाली सूचना पाठवते हे खरे, पण ती बदली झालेल्या अधिकाऱ्याच्या लॉगिनवर जाते.

खटला उभा राहिला की हवालदार आणि डॉक्टर यांचे न्यायालयातले दिवस सुरू होतात. इथेही वाव आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३० खाली अभियोग पक्षाने शवचिकित्सा अहवाल, नकाशा, यांत्रिक तपासणी यांची यादी देऊन बचावपक्षाला “हे कागद मान्य आहेत का” असे विचारायचे असते. मान्य झालेल्या कागदासाठी औपचारिक साक्ष लागत नाही. अशा गुन्ह्यात वाद बहुधा चूक कोणाची एवढाच असतो. मृत्यू अपघाताने झाला हे कोणी नाकारत नाही. ही यादी दोषारोपपत्रासोबतच तयार ठेवली तर बांबोळीच्या डॉक्टरला पेडण्याच्या न्यायालयात येऊन अर्धा दिवस बसावे लागत नाही. बदली झालेल्या अधिकाऱ्याने केलेल्या कागदासाठी त्याच्या जागी आलेल्या अधिकाऱ्याची साक्ष घेण्याची तरतूद कलम ३३६ मध्ये आहे, तीही फार कमी मागितली जाते.

शेवटी राहते ती स्थानकाच्या आवारातली पिकअप. मोटार वाहन कायद्याचे कलम १३६ म्हणते की तपासणी आणि बाकीचे सोपस्कार पूर्ण झाले की वाहन २४ तासांत परत द्यावे. २००२ च्या सुंदरभाई अंबालाल देसाई निकालात सर्वोच्च न्यायालयाने फोटो, पंचनामा आणि हमीपत्र घेऊन जप्त वाहने सोडावीत असे सांगितले. नव्या संहितेचे कलम ४९७ तर फोटो-चित्रीकरणासह मालमत्तेची यादी १४ दिवसांत आणि निपटारा त्यानंतर ३० दिवसांत, असे वेळापत्रकच घालून देते. वाहन अडकून पडते ते मोटार वाहन निरीक्षकाच्या तपासणीपाशी. तपासणीचे पत्र सकाळी टपालात न टाकता रात्रीच, वाहन कुठे ठेवले आहे त्या ठिकाणासह आणि कोणते भाग पाहायचे त्या यादीसह (ब्रेक, स्टिअरिंग, टायर, दिवे, धडकेच्या खुणांची उंची) पाठवले, तर निरीक्षक एका फेरीत दोन्ही वाहने तपासू शकतो. विमा नसलेले वाहन मात्र मालकाने पुरेशी हमी दिल्याशिवाय सोडायचे नाही, मग कितीही फोन येवोत. बाकीचे सोडून द्यावे. आवारात राहिलेल्या प्रत्येक वाहनाची मुद्देमाल रजिस्टरात नोंद राहते, दर तपासणीत ते मोजावे लागते, आणि बॅटरी किंवा टायर नाहीसा झाला की त्याचा खुलासा तोच हवालदार लिहितो.